नववा रकाना

१

रकानासाहेब हे अर्थातच त्यांचं जन्माचं नाव नव्हतं. चौतीस वर्षं कारकुनी करून त्यांनी ते कमावलं होतं. त्यांच्या टेबलावरून पुढे गेलेल्या एकाही फॉर्मात कोरा रकाना सापडत नसे. बाकीचे लोक जिथे आडवी रेघ मारून मोकळे होत, तिथे रकानासाहेब 'लागू नाही' असं पूर्ण लिहीत, आणि तेही खरोखरच लागू नाही ना, याची दोन ठिकाणी खातरजमा करून. निरोपसमारंभात मोठे साहेब त्यांच्याबद्दल दोनच वाक्यं बोलले. पहिलं, "यांचा एकही फॉर्म आजवर परत आला नाही." दुसरं, "मला जरा निघायला हवं." पहिलं वाक्य रकानासाहेबांनी मनात काच लावून टांगून ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर चौथ्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना अनुक्रमांक दिले. साखर हवी असली तरी आधी वही उघडावी लागते म्हटल्यावर त्यांच्या बायकोने वही आणि नवरा दोघांनाही दाराबाहेर काढलं.

"बाहेर अख्खं रान पडलंय," ती म्हणाली. "द्या तिथे किती द्यायचे ते नंबर."

आणि योगायोग असा की रानाला खरोखरच नंबर देणं चालू होतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. गावाला लागून असलेल्या रानातल्या झाडाझुडपांची यादी करून त्यांना पुस्तिका छापायची होती. त्यासाठी त्यांनी रिकामटेकडी माणसं गोळा केली होती. प्रत्येक वनस्पतीसाठी एक फॉर्म, आणि फॉर्मात बारा रकाने. तो फॉर्म पहिल्यांदा हातात आला तेव्हा रकानासाहेबांना बालमित्र भेटल्यासारखं झालं.

सर्वांत जास्त फॉर्म भरणाऱ्याचं नाव पुस्तिकेच्या पहिल्या पानावर येणार होतं. शर्यतीत दोघंच उरले होते. एक रकानासाहेब, दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. हे पोस्टमास्तर एकटेच राहत आणि रोज सकाळी साडेसातला रकानासाहेबांच्या फाटकाशी येऊन हाक मारत. प्रत्येक झुडपाकडे ते असं निरखून पाहत की जणू त्यावर अर्धवट पत्ता लिहिलेला आहे. दोघांचेही सेहेचाळीस फॉर्म झाले होते. मुदत संपायला पाच दिवस होते.

त्या दिवशी पोस्टमास्तरांची दाढ दुखत होती म्हणून रकानासाहेब एकटेच गेले. अकराच्या सुमाराला, रानाच्या मधोमध एका मोकळ्या जागेत, गार सावलीत त्यांना ते झुडूप दिसलं.

गुडघ्याएवढं. एकच दांडा. वर पाच रुंद पानं, चक्रासारखी. मधोमध खाली मान घातलेलं एक फूल, भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राच्या रंगाचं. वास बंद कपाट उघडल्यासारखा. पाचही पानं एकाच बाजूला कललेली होती, आणि ती उन्हाकडे नव्हे, सावली जिथे सर्वांत गडद होती तिकडे. रकानासाहेबांनी हे सगळं वहीत टिपलं आणि खुशीत घरी आले. सत्तेचाळिसावं!

२

रकाने जागेवर भरायचे नसतात, टेबलाशी बसून भरायचे असतात, अशी त्यांची जुनी शिस्त होती. जागेवर फक्त टिपणं घ्यायची. जेवण झाल्यावर त्यांनी खिडकीशी टेबल घेतलं आणि बाईंनी दिलेलं ओळखीचं पुस्तक उघडलं.

हे पुस्तक कोणा सरकारी माणसानेच लिहिलं असणार, अशी त्यांची खात्री होती. पानं समोरासमोर असल्यास सातवर जा. चक्रात असल्यास एकोणीसवर जा. एकोणीसवर गेलं की देठाला लव आहे का विचारणार, आणि असल्यास पुन्हा चारवर पाठवणार. या टेबलावरून त्या टेबलावर. रकानासाहेब दोन तास फिरले. शेवटी पुस्तकाने त्यांना 'वरीलपैकी कोणतेही नाही' या जागी आणून सोडलं आणि कचेरीसारखी तोंडावर खिडकी बंद केली.

"उजेडातून जरा बाजूला व्हा," बायको म्हणाली. ती पलीकडे उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसली होती. "सुई ओवता येत नाहीये."

हे वाक्य ती गेली चाळीस वर्षं म्हणत होती. रकानासाहेब खुर्चीसकट वीतभर सरकले. यालाही आता शिस्तच म्हणायचं.

नाव सापडलं नाही तरी हरकत नव्हती. 'ओळख पटली नाही' असं लिहायला पहिल्या रकान्यात मुभा होती. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पुढे निघाले. पान, देठ, फूल, वास, माती. सगळं भराभर होत गेलं. नवव्या रकान्याशी पेन थांबलं.

'सावलीत वाढत असल्यास, सावली कोणाची?'

म्हणजे कोणत्या झाडाची. रकानासाहेबांनी डोळे मिटून ती जागा आठवली. गार सावली आठवली. झुडूप आठवलं. त्यावरची फांदी मात्र आठवेना. बुंधा आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की घाम पुसताना त्यांनी वर पाहिलं होतं आणि डोळे दिपले होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"एक झाड विसरलो."

"छत्री विसरता, पिशवी विसरता. आता झाड विसरून आलात?"

३

दुसऱ्या दिवशी ते पोस्टमास्तरांना चुकवून गेले. पाठीशी सात वाजता फाटक लावून घेताना त्यांना चोरट्यासारखं वाटलं. पण शर्यत म्हणजे शर्यत.

वाट चुकत, शोधत शोधत मोकळ्या जागेत ते साडेदहाला पोचले. झुडूप तिथेच होतं. सावलीही होती. रकानासाहेबांनी चष्मा पुसला, मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

वर काहीच नव्हतं. सर्वांत जवळचं झाड पंचवीस पावलांवर होतं आणि त्याची सावली शिस्तीत दुसऱ्या बाजूला पडली होती. वर निळं, रिकामं, कचेरीला सुट्टी असल्यासारखं आकाश.

रकानासाहेब घाबरणाऱ्यांपैकी नव्हते. घाबरायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्यांनी नोकरीला लागतानाच जमा करून टाकली होती. त्यांनी शक्यता मांडल्या. एक, ढग. ढग नव्हता. दोन, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा परिणाम. त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. सावली दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसली. तीन, ओली माती काळी दिसत असेल. त्यांनी हात लावून पाहिला. माती कोरडी होती, फक्त गार होती. कोणीतरी फार वेळ बसून उठल्यावर फरशी उबदार लागते ना, त्याच्या बरोबर उलट.

त्यांनी पिशवीतून टेप काढून सावली मोजली आणि तिच्या कडेकडेने काड्या रोवल्या. बारा वाजले. बाकी रानातल्या सगळ्या सावल्या आखडत गेल्या. ही काडीभरही हलली नाही.

मग ते दहा पावलं मागे गेले आणि काड्यांची पूर्ण आकृती त्यांना एकदम दिसली.

वर गोल, रुंद कडेची टोपी. खाली पाठीची कमान. दोन्ही बाजूंना दोन कोपरं. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, कोणीतरी झुडपाकडे बारकाईने पाहत होतं.

"लागू नाही," रकानासाहेब मोठ्याने म्हणाले. का, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी काड्या उपटल्या, मोजून पिशवीत भरल्या, आणि अंमळ भराभर चालत घरी आले.

४

बाईंची खोली कॉलेजच्या टोकाला होती. चारी भिंतींना कपाटं, कपाटांत वाळलेली पानं, आणि टेबलावर चहाचा कप ठेवण्यापुरती मोकळी जागा, ज्यात कप कायमचा ठेवलेला. रकानासाहेबांनी झुडपाचं वर्णन केलं. सावलीबद्दल बोलताना त्यांनी कचेरीचा सूर लावला.

"नवव्या रकान्याबाबत थोडी अडचण उद्भवली आहे."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाच पानं? फूल मळकट? थांबा हं." त्यांनी खालचा खण ओढून एक फॉर्म काढला. "गेल्या वर्षी आपले ड्रॉइंग मास्तर घेऊन आले होते हे. चित्र बघा किती सुरेख काढलंय. पण रकाना बघा."

चित्र खरोखरच सुरेख होतं. नवव्या रकान्यात वळणदार अक्षरात एकच शब्द होता. 'माझी.'

"मला वाटलं गंमत करतायत," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, असली गंमत चालणार नाही, झाडाचं नाव आणा. ते जे गेले ते आलेच नाहीत. मुलीकडे गेले म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तसं... कोणीतरी म्हणालं बाई. का हो?"

"काही नाही. ते टोपी घालायचे का?"

"उन्हाचा त्रास होता ना त्यांना. ही एवढी रुंद." बाईंनी हातांनी टोपीची कड दाखवली, आणि मग आठवण झाल्यासारखं म्हणाल्या, "रकानासाहेब, नववा रकाना कोरा असलेला फॉर्म मात्र मी घेणार नाही. परत पाठवीन. तुम्हाला काय सांगायचं म्हणा! तुमचा कुठे कधी परत आलाय?"

५

मुदतीचा शेवटचा दिवस. शेजारच्या वाटेवर पोस्टमास्तरांना कोणतं तरी सत्तेचाळिसावं गवत सापडल्याची बातमी सकाळीच आली होती, आणि ती स्वतः पोस्टमास्तरांनीच फाटकाशी येऊन दिली होती.

अकरा वाजता रकानासाहेब मोकळ्या जागेत उभे होते. हातात फॉर्म. अकरा रकाने भरलेले. त्यांनी ठरवलं होतं की आकृतीकडे पाहायचं नाही. फूल तेवढं शेवटचं एकदा पाहायचं, पाकळ्या पाच की सहा याची खात्री करायची, आणि निघायचं. ते पुढे झाले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

त्यांची स्वतःची सावली झुडपावर पडली.

आणि चौतीस वर्षांच्या अनुभवातून तो विचार आपसूक वर आला. निरीक्षणाच्या वेळी झुडूप सावलीत होतं. ती सावली निरीक्षकाची होती. हे खोटं नव्हतं. डोळ्यांसमोर दिसत होतं. कोणत्याही तपासणीत टिकलं असतं. रकानासाहेबांना एखादा अडलेला कागद सुटताना जो आनंद होई, तो झाला. वाकलेल्या अवस्थेतच, गुडघ्यावर फॉर्म ठेवून, आयुष्यात प्रथमच शिस्त मोडून, त्यांनी जागेवर रकाना भरला.

'निरीक्षकाची.'

पूर्णविराम दिल्याबरोबर कानाशी कोणीतरी फार दिवस कोंडलेला श्वास सोडावा तसा आवाज झाला. रकानासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. ते सरळ उभे राहिले, कानावरचं पेन चाचपलं, ते हातातच होतं म्हणून परत कानावर ठेवलं, आणि चालू लागले. फार हलकं वाटत होतं. बाजारातून परतताना एक पिशवी दुकानातच राहिली, की वाटतं तसं.

मागे त्यांनी पाहिलंच नाही, असं नाही. वाटेच्या वळणावरून एकदा पाहिलं. रुंद टोपी गेली होती. झुडपावर वाकलेल्या आकृतीच्या कानावर आता पेन होतं.

६

दुपारी ते खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले. बायको पलीकडे सुई ओवत होती. पहिल्याच फटक्यात दोरा आत गेला.

रकानासाहेब वाट पाहत राहिले. पान उलटलं. मुद्दाम वीतभर उजेडाच्या बाजूला सरकले. बायकोने दुसरी सुई ओवली.

"आज काही म्हणाली नाहीस," ते शेवटी म्हणाले.

"काय म्हणायचं?"

"नेहमीचं."

बायकोने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या मांडीवरच्या कापडाकडे. कापडावर स्वच्छ, सलग ऊन होतं. नवरा बरोबर मध्ये बसला होता. तिने अभ्रा घडी करून ठेवला.

रकानासाहेबांनी जमिनीकडे पाहिलं. तिथे खुर्चीची सावली होती. चार पाय, दोन हात, पाठीची विणलेली जाळी, एकेक भोक स्पष्ट. वर्तमानपत्राचीही होती, हवेत आपणहून उघडल्यासारखी. बाकी जागा कोरी होती.

संध्याकाळी ते चपलेला टाचा बसवायला बाजारात गेले आणि दुकानाच्या फळीवर बसलेले ड्रॉइंग मास्तर त्यांनी रुंद टोपीवरून ओळखले. बुटांच्या नाड्या घेत होते. मागच्या शटरवर त्यांची सावली पडली होती, नव्या पाटीसारखी काळीभोर, टोपीच्या कडेसह. रकानासाहेबांना पाहून त्यांनी नाड्या घाईघाईने खिशात कोंबल्या.

"मुलीकडे होतात म्हणे," रकानासाहेब म्हणाले.

"मला मुलगी नाही," मास्तर म्हणाले. मग रकानासाहेबांच्या पायांशी नजर टाकून, आवाज उतरवून, "आभारी आहे हो. पाठ फार धरली होती."

"मास्तर, हे काय आहे?"

"मला काय माहीत? मी वर्षभर नुसता बघत होतो. पाकळ्या सहा आहेत बरं का. मी पाच काढल्या, ते चुकलं." ते दोन पावलं मागे सरले. "सुरुवातीला काही वाटत नाही. आधी सावली जाते. मग हळूहळू बाकीचं तिच्यामागून जातं. शेवटी घरी कोणी जेवायला वाढीनासं होतं. पण काळजी करू नका, येईल कोणीतरी. तुमच्यासारखं काटेकोर. फक्त रकान्यात दुसऱ्याचं नाव पडायला हवं."

आणि वर्षभराने मोकळ्या झालेल्या पाठीने ते जवळजवळ पळतच गेले.

७

बाईंनी मुदत वाढवली. इतकंच नाही, तर सगळे फॉर्म बारीकसारीक दुरुस्तीसाठी परत पाठवले. रकानासाहेबांचाही आला. नवव्या रकान्याशेजारी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'निरीक्षक म्हणजे कोण? नाव लिहावे.' एरवी या शेऱ्याने त्यांनी अंथरूण धरलं असतं. आता त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

रोज अकराच्या ठोक्याला पाठीत कळ येई, वाकून राहिल्यासारखी. घरातून न हलताही पायजम्याच्या गुडघ्यांवर हातांचे मातकट ठसे उमटत. पाववाला त्यांच्यासमोरून जाऊन "घरात कोणी आहे का?" असं विचारू लागला. एकदा बायकोने दोन कप चहा करण्याऐवजी एकच केला, आणि हातातल्या कपाकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने दुसरा केला, आणि त्यात साखर जास्त पडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमास्तर आले. "काय रकानासाहेब, सकाळी हाक मारली तर आवाज नाही. सत्तेचाळीस झाली म्हणून मिजास चढली की काय?"

"मी फाटकाशीच उभा होतो," रकानासाहेब म्हणाले.

"काहीतरीच! मला तर फाटकच दिसलं." पोस्टमास्तर टेबलाशी बसले आणि त्यांची नजर फॉर्मावर गेली. "अरे वा, तुमचाही परत आला! लाल पेन्सिल! आज दिवस सत्कारणी लागला." त्यांनी तो वाचला आणि पुढे झुकले. "हे बघा, माझं ते गवत बाईंनी बाद केलं. म्हणजे मी सेहेचाळीसवर. या रकान्यात नाव हवंय ना? माझं घाला. मीही जाऊन उभा राहतो तिथे, काय बिघडलं? फॉर्म तुमचा, सावली माझी. पहिल्या पानावर दोघंही. वर्षभराच्या दोस्तीखातर एवढं नाही करणार?"

रकानासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. हात थरथरत नव्हता, याचं त्यांना वाईट वाटलं. टेबलावर पोस्टमास्तरांची सावली पडली होती, मोठ्या कानांची, कप धरून बसलेली, भाबडी. फक्त चार अक्षरांचं काम होतं.

मग त्यांना वाटलं, या माणसाच्या घरी कोण आहे? उद्या याच्यातून आरपार ऊन जायला लागलं, तर ते कळणार कोणाला? याला 'उजेडातून बाजूला व्हा' म्हणणारंच कोणी नाही. हा रोज साडेसातला माझ्या फाटकाशी येऊन हाक मारील, आणि मी आतून म्हणेन, आज कोणी आलं नाही वाटतं.

त्यांनी टोपण लावलं. "शाई संपली."

"खिशात तीन पेनं आहेत तुमच्या. कानावर चौथं."

"सगळी संपली."

"राहिलं!" पोस्टमास्तर उठले. "मी शोधतो ते झुडूप. रान काही कोणाच्या मालकीचं नाही." आणि कप खाली आपटून ते निघून गेले.

आतल्या दाराशी बायको उभी होती. किती वेळ, कोण जाणे. रकानासाहेबांनी तिला सगळं सांगितलं. नीट, क्रमवार, तारखांसह.

८

सकाळी फॉर्म चहाच्या कपाशेजारी ठेवला होता. नवव्या रकान्यात, लाल पेन्सिलीच्या खाली, किराणा सामानाची यादी लिहायच्या अक्षरात लिहिलं होतं: 'ह्यांची आणि माझी.' खाली बायकोची सही.

"हे काय केलंस?" रकानासाहेबांचा आवाज चिरकला.

"रकाना भरला."

"अगं, तुला समजतंय का, काय..."

"मला एवढंच समजतं, की काल तुम्ही खुर्चीत बसला होतात आणि मला तुमच्या पोटातून जाळीची भोकं मोजता येत होती. चोवीस आहेत." तिने बशी पुढे सरकवली. "चाळीस वर्षं माझा उजेड अडवून बसलात आणि आता असे परभारे निघून जाणार? ते नाही चालायचं. निम्मी तुमची, निम्मी माझी. दोघांचं मिळून निभेल."

"असं निम्मंनिम्मं कुठे चालतं?"

"नाही चालत असं कुठे लिहिलंय? दाखवा फॉर्मात."

रकानासाहेबांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. कुठेच लिहिलं नव्हतं.

बाईंनी तो घेतला. "ह्यांची म्हणजे कोणाची, ते सहीवरून कळतंय," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. बायकोबरोबर कॉलेजच्या पायऱ्या उतरताना रकानासाहेबांनी धीर करून खाली पाहिलं. पायऱ्यांवर दोन सावल्या होत्या. फिक्या, पाणी जास्त झालेल्या चहासारख्या, पण दोन. त्यांनी हात हलवून पाहिला. एकीचा हात हलला. रस्त्यावर समोरून येणारा पाववाला चक्क घंटी वाजवून त्यांना बाजूला व्हा म्हणाला. इतका सन्मान त्यांना निरोपसमारंभातही वाटला नव्हता.

"आता मला ते दाखवा," बायको म्हणाली.

"कशाला?"

"सही केलीये मी. न बघता सही करणारी मी नाही."

अकरा वाजता दोघं मोकळ्या जागेच्या कडेला उभी राहिली. बायकोच्या दोन्ही हातांत पिशवी होती, छातीशी घट्ट धरलेली. रकानासाहेबांनी बोटाने झुडूप दाखवलं, पण ती झुडपाकडे पाहतच नव्हती.

झुडपावर पूर्वीसारखीच ती वाकलेली आकृती होती, कानावर पेन, हात गुडघ्यांवर. तिच्या शेजारी दुसरी. ही वाकलेली नव्हती. ताठ उभी होती, एक हात कमरेवर, आणि दुसऱ्या हाताचं बोट पहिलीच्या नाकासमोर सारखं हलत होतं.

रकानासाहेबांनी हळूच बायकोच्या हातांकडे पाहिलं. बोटं पिशवीच्या बंदाभोवती पांढरी पडली होती. एकही हलत नव्हतं.

"काय... काय म्हणत असेल ती?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

बायको त्या सावलीकडे बघतच म्हणाली, "काय म्हणणार? उजेडातून बाजूला व्हा."

आणि वाकलेली सावली, चाळीस वर्षांच्या सवयीने, मुकाट्याने वीतभर बाजूला सरकली.

झुडपावर ऊन पडलं. बहुधा पहिल्यांदाच. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाचही पानं, एकेक करून, अंधारात जिना चाचपणाऱ्या माणसाच्या हातासारखी, वळू लागली. त्या दोघांकडे नाही. त्यांच्या मागे, पायवाटेच्या दिशेने.

पायवाटेवरून काटक्या मोडत कोणीतरी येत होतं.

"रकानासाहेब!" पोस्टमास्तर खुशीत हाका मारत होते. "सापडलात! दाखवा बघू आता ते. जवळून बघू द्या!"